हौसेची तेरीज

खान्देशातील मनुष्य खर्चाला भीत नाही, बेहिशेबीपणाला भितो. आणि या दोहोंतील अंतर ज्याला पाहावयाचे असेल त्याने जळगावच्या सराफ बाजारात एक दुपार काढावी. ज्याच्या अंगातील बंडीचा मूळ रंग कोणता याविषयी त्याच्या घरातही एकवाक्यता उरलेली नाही, असा एखादा यावल-रावेरकडील केळीवाला गृहस्थ तेथे येतो, लेकीच्या लग्नाचे म्हणून काही लाखांचे सोने आवाजाची पट्टी न बदलता घेतो, पावतीची घडी करून ती टोपीत ठेवतो, आणि बाहेर पडल्यावर रिक्षावाल्याने दहा रुपये अधिक मागितले की भर चौकात अर्धा तास त्याच्याशी हुज्जत घालतो. यात विसंगती मुळीच नाही. सोने त्याच्या लेखी खर्चाच्या सदरात पडतच नाही, ते एका कपाटातून निघून दुसऱ्या कपाटात गेलेले द्रव्य होय. रिक्षाचे दहा रुपये मात्र गेले ते गेले. अशा या प्रांतात, जी वस्तू मोडीत घालता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, वाटणीच्या वेळी जिच्यावर कोणताही भाऊ हक्क सांगण्याचा संभव नाही, आणि जिचा उपयोग काय असे विचारले असता मालकाला आधी घाम फुटतो व मग व्याख्यान सुचते, अशा वस्तूंचा साठा करणारी एक सुशिक्षित पिढी निपजली आहे, ही खबर मला माझ्या भगिनीकडून लागली.

भगिनी जळगावी असते; मी धुळ्याला. जिल्हा कोषागारात हयात गेल्यामुळे कोणताही कागद समोर आला की माझी नजर प्रथम उजव्या हाताच्या आकड्यांच्या रकान्याकडे वळते हे तिला ठाऊक असल्याने, घरात कसलाही संशयास्पद खर्च आढळला की तपासणीसाठी मला पाचारण करण्यात येते. तिचे चिरंजीव पुण्याच्या एका संगणक कंपनीचे काम जळगावच्या घरी बसून करतात. त्यांच्या खोलीतील कपाट सताड उघडून, कमरेवर हात ठेवून तिने मला एवढेच विचारले, “भाऊ, हाई काय शे?”

प्रश्न सोपा होता, उत्तर नव्हते. वरच्या दोन फळ्यांवर, कायद्याच्या ग्रंथांना लाजवील अशा जाडीची, मुखपृष्ठांवर अग्नी ओकणाऱ्या सर्पांची चित्रे असलेली पुस्तके ओळीने उभी होती. त्याखाली मखमलीच्या आणि चामड्याच्या थैल्या. प्रत्येक थैलीत नाना रंगांचे, नाना कोनांचे फासे. त्याच्याही खाली बोटाच्या पेराएवढ्या उंचीचे राखी प्लास्टिकचे योद्धे, जखिणी, राक्षस आणि ज्यांना मराठीत नाव नाही असे काही जीव, बहुतेक सर्व अद्याप रंग न लागलेले. आणि त्यांना लावण्यासाठी आणलेल्या इवल्याशा रंगांच्या कुप्या, बहुतेक सर्व अद्याप बूच न उघडलेल्या. याशिवाय चौकोन आखलेले गुंडाळी नकाशे होते, फासे टाकण्यासाठी कातडे लावलेले तबक होते, आणि हाताने टाकलेला फासा पुरेसा निःपक्षपाती नसेल अशी शंका ज्यांना येते त्यांच्यासाठी, वरून फासा सोडला असता आतल्या आत गडगडत खाली येईल असा एक लाकडी मनोराही होता.

“मामा, हा डी अँड डी,” भाचा म्हणाला. “डंजन्स अँड ड्रॅगन्स. तुम्ही बसा, मी समजावतो.”

त्याने जे समजावले त्याचा गोषवारा असा. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक सूत्रधार. त्याला डीएम म्हणतात, आणि तो एका उभ्या पुठ्ठ्याच्या आडोशाला बसून गोष्ट सांगतो. तुम्ही एका गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आतून दुर्गंधी येत आहे, बोला, काय करता? बाकीचे आपापल्या घेतलेल्या सोंगाला अनुसरून उत्तर देतात: कोणी तलवार उपसतो, कोणी मंत्र म्हणतो, कोणी परत घरी जाऊ म्हणतो, आणि यांतले काय साधले व काय फसले याचा निर्णय वीस पैलूंच्या एका फाशावर सोपवण्यात येतो. यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही आणि खेळ संपतही नाही. एकेक कथा वर्षानुवर्षे चालते. प्रत्येक सोंगाचा एक कागद असतो. त्यात नाव, कुळी, बळ, बुद्धी, जवळची शस्त्रे, गाठीचे सोने, अंगावरील जखमा अशा सर्व नोंदी असतात. तो कागद हाती घेतला मात्र, मला जुना स्नेही भेटल्याचा आनंद झाला: हा तर सातबाराच! पीकपाहणीच्या जागी पराक्रम आणि बोजाच्या जागी शाप, एवढाच काय तो फेर. आणि तलाठ्याच्या हस्तक्षेपाविना खातेदार स्वतःच स्वतःच्या नावे मिळकत चढवू शकतो ही सोय अधिक.

या खेळाचे मूळ पाहिले तर ते अत्यंत गरिबीतील आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे एक लहान गाव आहे. तेथील गॅरी गायगॅक्स नामक गृहस्थाने, विमा कंपनीतील नोकरी सुटल्यावर घरच्या घरी जोडे दुरुस्त करीत असता, डेव्ह आर्नेसन या मित्राच्या साहाय्याने हा खेळ रचला आणि १९७४ साली त्याच्या एक हजार प्रती काढल्या. एका खोक्यात तीन चोपड्या, किंमत दहा डॉलर. फासे त्यात नव्हते, ते निराळे घ्यावे लागत. आणि पुढे काही काळ जे फासे मिळत त्यांवरील आकडे गिऱ्हाइकाने स्वतः मेणाच्या खडूने भरावयाचे असत. गायगॅक्सांनी काढलेली कंपनी पुढे डबघाईस आली तेव्हा, १९९७ साली, ‘मॅजिक’ नावाचे पत्ते विकून गबर झालेल्या दुसऱ्या कंपनीने ती घेतली. म्हणजे पत्तेवाल्यांनी फासेवाल्यांना गिळले. दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, हॅस्ब्रो नावाच्या खेळण्यांच्या बड्या पेढीने त्या पत्तेवाल्यांना गिळले. जोडे शिवणाऱ्या माणसाच्या फावल्या वेळातील उद्योगाचा असा दुहेरी दस्त झाल्यावर दहा डॉलरांची किंमत कायम राहील अशी अपेक्षा करणे हे व्यवहारज्ञानाचे लक्षण नव्हे.

आजची किंमत अशी. मूळ ग्रंथ तीन: एक खेळणाऱ्यांचा, एक सूत्रधाराचा, एक राक्षसांचा. प्रत्येकी एकोणपन्नास डॉलर नव्व्याण्णव सेंट. आपल्या चलनात एकेक चार हजारांच्या पुढे. तीन मिळून बारा हजार ही केवळ प्रवेश फी समजावी, कारण त्यानंतर तयार कथांचे ग्रंथ, त्या कथांच्या भूगोलाचे ग्रंथ, त्या भूगोलातील देवदेवतांचे ग्रंथ अशी शाखोपशाखांची वाढ सुरू होते. आणि वाढ पुरी झाली असे वाटावे तोच नवी आवृत्ती निघते. दुसरी १९८९ मध्ये निघाली, तिसरी २००० मध्ये. आणि तिसरीत चुका फार राहिल्या म्हणून २००३ मध्ये जी निघाली तिला प्रकाशकांनी चौथी न म्हणता गंभीर मुद्रा करून ‘साडेतीन’ असे नाव दिले. आपल्याकडे मुहूर्त साडेतीन, देवीची पीठे साडेतीन, पेशवाईतील शहाणेही साडेतीन. तेव्हा या बाबतीत अमेरिकनांनी आपल्या परंपरेचा मान राखला असे म्हणावयास हरकत नाही. चौथी २००८ मध्ये आली ती भाच्याच्या शब्दांत ‘कोणाला पटली नाही’, म्हणून २०१४ मध्ये पाचवी आली, आणि २०२४ मध्ये जी आली ती सहावी नव्हे, पाचवीच, परंतु सुधारित. आमच्या खात्यात याला शुद्धिपत्रक म्हणत आणि ते फुकट येई.

“पण मामा, तासांचा हिशेब करा ना,” भाचा म्हणाला. “सिनेमाला तिकीट अडीचशे, मजा तीन तास. हे पुस्तक चार हजारांचं, पण खेळणार किती? दोनशे तास. तासाला वीस रुपये पडले.”

हा युक्तिवाद मी पुढे त्याच्या इतर मित्रांच्या तोंडूनही शब्दशः ऐकला, त्यावरून तो या संप्रदायातील नित्यपाठाचा भाग असावा. त्यात गणिताची चूक नाही. तथापि कोषागारातील मनुष्य भागाकार पाहिला की अंशाकडे नव्हे, छेदाकडे पाहतो. दोनशे तास हे खेळावयाचे होते. खेळून झालेले किती, असे मी विचारले तेव्हा तो खिडकीतून बाहेर पाहू लागला. छेदस्थानी शून्य आले असता भागाकार काय येतो हे त्याला मी शिकवावयाचे कारण नव्हते. तो संगणकाचा पदवीधर आहे.

फाशांचा विषय स्वतंत्र आहे. एका संचात सात फासे: चार पैलूंचा, सहाचा, आठाचा, दहाचे दोन, बाराचा आणि विसाचा. एका माणसाला एक संच पुरतो, कारण हात दोनच असतात; परंतु भाच्याकडे काचेसारखे होते, पितळेचे होते, आत चमकी भरलेले होते, आणि एक संच कसल्याशा रंगीत खड्याचा होता, जो टेबलावर टाकला तर टेबलाला किंवा स्वतःला इजा करील म्हणून तो कधी टाकावयाचाच नाही अशी ताकीद होती. जो फासा ऐन वेळी खालचा आकडा दाखवतो त्याला शिक्षा म्हणून एका छोट्या पिंजऱ्यात कोंडतात. तो पिंजराही विकत मिळतो. कैदेची मुदत किती, जामीन आहे की नाही, याविषयी भिन्न भिन्न मते आहेत.

आता फाशांशी आणि पत्त्यांशी खान्देशाचे वैर आहे असे कोणी म्हणणार नाही. आखाजीच्या दिवसांत, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सुमारास, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणत असतात आणि पुरुषमंडळी ओट्यावर, पारावर, निंबाच्या सावलीत पत्त्यांचे डाव मांडून बसलेली असतात. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा त्या अवधीत कोठे जातो ते तोच जाणे. परंतु आखाजीच्या डावात एक अर्थशास्त्रीय शिस्त आहे. एकाचे गेले ते दुसऱ्याकडे आले, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे, आणि पैसा गावच्या शिवेबाहेर पडला नाही. पुढील वर्षी तोच पैसा उलट दिशेने येण्याचा संभव राहतो. शेजारच्या एका वयोवृद्ध डाळमिलवाल्यांना कपाटातील फासे दिसले तेव्हा त्यांनी भाच्याला बाजूला घेऊन पोक्तपणे चौकशी केली, की बाबा रे, डाव कितीचा असतो? भाचा म्हणाला, आम्ही पैसे लावतच नाही. “लावत नाही,” ते क्षणभर विचार करून म्हणाले, “मग जातात कुठे?” या प्रश्नाचे उत्तर वॉशिंग्टन राज्यात असलेल्या त्या पत्तेवाल्या कंपनीकडे आहे.

राक्षसांच्या आयातीवर सरकारचे लक्ष आहे ही समाधानाची गोष्ट. परदेशी पुस्तकांवर २०१९ पासून पाच टक्के सीमाशुल्क बसते. परदेशी खेळण्यांवरील शुल्क २०२० मध्ये विसावरून साठ टक्क्यांवर नेले आणि २०२३ मध्ये सत्तरांवर. तात्पर्य, तोच राक्षस कागदावर छापून आला तर पाच टक्क्यांत सुटतो, आणि प्लास्टिकच्या देहाने आला व मुंबईच्या अंमलदाराने त्याला खेळणे ठरवले तर सत्तर टक्के भरून मग भुसावळ जंक्शन पाहतो. भाच्याचे म्हणणे असे की ते खेळणे नव्हे, ते मॉडेल आहे. आणि ही तक्रार तो ज्या पोटतिडकीने मांडतो तितक्या पोटतिडकीने कापसाच्या हमीभावावर बोलला असता तर आज जिल्हा परिषदेत असता.

यात मला खेदाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. राक्षस बाहेरून आणण्याची या जिल्ह्याला गरज काय? जळगावाहून धुळ्याकडे निघाले की वाटेत एरंडोल लागते. हीच महाभारतातील एकचक्रा नगरी अशी स्थानिकांची श्रद्धा आहे, आणि जवळच पद्मालयाच्या रानात भीमाने बकासुराचा वध केला असे तेथे सांगतात. भाच्याच्या खेळाला जे जे लागते ते सर्व या कथेत आहे: पाच भाऊ आहेत, त्यांनी ब्राह्मणाचे सोंग घेतलेले आहे, गावावर संकट आहे, रानात नरभक्षक आहे. आणि खर्च? गाडाभर अन्न आणि दोन रेडे. तेही गावाने दिलेले, आणि त्यातील अन्न भीमानेच खाल्ले.

असे असूनही, सोंगापायी पैसा घालवणे हे स्वभावतःच निंद्य आहे असे माझे मत नाही. तसे असते तर महाराष्ट्राला बालगंधर्वांचे नाव घेण्याचा अधिकार उरला नसता. नारायणराव राजहंसांच्या बाळपणातील काही काळ जळगावातच गेला आणि गाण्याचे पहिले धडेही त्यांनी येथेच मेहबूब खाँ यांच्यापाशी घेतले, ही गोष्ट जळगावकर परगावच्या पाहुण्याला चहा येण्यापूर्वीच सांगतो. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाल्यावर त्यांनी सोंगाच्या थाटात काटकसर म्हणून केली नाही. शालू खरे, जर खरी, प्रेक्षागृहात दरवळणारे अत्तर खरे. कंपनीवर लाखाच्या वर कर्ज चढले आणि ते त्यांनी नाटके करूनच फेडले. येथे मुद्दा कर्जाचा नाही. मुद्दा असा की शालू घेतला तर तो त्या रात्री रंगभूमीवर दिसे. घडी मोडली नाही असा शालू, उघडली नाही अशी अत्तराची कुपी आणि पाठ केली नाही अशी भूमिका यांनी भरलेले कपाट दाखवून ‘हे माझे नाटक’ असे म्हणण्याची कल्पना बिचाऱ्या नारायणरावांना सुचली नाही.

भाचा वादात सहजासहजी हार जाणारा नव्हे. मी धुळ्याचा, म्हणून त्याने धुळ्याचेच शस्त्र माझ्यावर चालवले. “राजवाड्यांनी काय केलं मग, मामा? त्यांनीपण जमवलंच ना आयुष्यभर?” इतिहासाचार्य राजवाड्यांनी जमवले हे खरेच. कोणाच्या माळ्यावरची, कोणाच्या अडगळीतली, वाण्याच्या पुड्यांसाठी निघालेली दप्तरे त्यांनी गावोगाव वणवण करून मिळवली, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने बावीस खंड काढले, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्यामागे उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ आजही तो संग्रह सांभाळीत आहे. परंतु राजवाड्यांनी मिळवलेला कागद वाचला, आणि तोही मोडीत. भाच्याच्या संग्रहात संगणकावर उतरवून घेतलेली अशी शेकडो पुस्तके आहेत, की ज्यांचे शीर्षकदेखील त्याने पुरते वाचलेले नाही. कोठल्या तरी धर्मादाय योजनेत पाचपन्नास पुस्तके एका पुस्तकाच्या भावात मिळत होती म्हणून ती घेतली, असा खुलासा त्याने केला. घेण्यात आले, वाचण्यात आले नाही, असा शेरा मारून मी ते प्रकरण दप्तरी दाखल केले.

मला या वादात खरोखर ज्यांची आठवण झाली ते धुळ्याचे नव्हेत, जळगाव जिल्ह्यातीलच चाळीसगावचे. कलामहर्षी केकी मूस हे पारशी गृहस्थ विलायतेत छायाचित्रणाचे शिक्षण घेऊन चाळीसगावी परतले आणि १९८९ साली निवर्तेपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धशतक, आपल्या बंगल्याबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. रेल्वेस्थानकाजवळच्या त्या बंगल्यात बसून ते टेबलावर सृष्टी मांडीत. ‘टेबलटॉप’ हाच शब्द त्या कलेलाही आहे आणि भाच्याच्या खेळालाही. घरातल्या किरकोळ, टाकाऊ वस्तू टेबलावर अशा रचावयाच्या आणि त्यांवर प्रकाश असा पाडावयाचा की छायाचित्र पाहणाऱ्याने ते खरेच रान, खरीच दरी समजून हरखून जावे. आणि देशोदेशीचे परीक्षक हरखलेही, कारण शेकडो पारितोषिके त्या बंगल्याचा पत्ता शोधीत चाळीसगावी आली. भाच्याने आपल्या टेबलासाठी डोंगर परदेशाहून मागवला आहे. तो फोमचा आहे, तीन तुकड्यांत येतो आणि चौथा, ज्यावर शिखर आहे, तो निराळा घ्यावा लागतो.

मूस यांच्याविषयी आणखी एक हकीकत सांगतात, की पंजाब मेलने येण्याचे कोणा स्त्रीने त्यांना वचन दिले होते आणि ती गाडी जाईपर्यंत ते रोज रात्री दोघांचे ताट मांडून बसत. हकीकत करुण आहे, आणि तिचा येथे उल्लेख करणे औचित्याला सोडून होईल हे मला कळते. तरी दर शनिवारी संध्याकाळी भाचा नकाशा पसरून, फासे तबकात ठेवून, पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून बसतो तेव्हा ती मनात आल्यावाचून राहत नाही. कारण या खेळाला जी एकच गोष्ट खरोखर अत्यावश्यक आहे ती कोणत्याही दुकानात मिळत नाही. पुस्तकेही अत्यावश्यक नाहीत: खेळाचे मूळ नियम प्रकाशकांनी स्वतःच फुकट उपलब्ध केलेले आहेत, आणि जानेवारी २०२३ मध्ये तर नियमांचा मोठा भाग सर्व जगाला केवळ श्रेय देण्याच्या अटीवर वापरण्यास खुला करून टाकला. एक पेन्सिल, पाठकोरा कागद आणि फाशांचा एक संच असला की काम भागते. परंतु पाच मोकळी माणसे एका संध्याकाळी एका टेबलाभोवती आणणे हे हॅस्ब्रोच्याही आवाक्याबाहेरचे आहे.

भाच्याच्या मंडळात तो स्वतः जळगावचा, एक भुसावळच्या रेल्वेतला, दोघे धुळ्याचे आणि एक पुण्याला हिंजवडीत. धुळे-जळगाव अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. हे अंतर एसटी दिवसातून कित्येक वेळा कापते, पण धुळ्याचा गडी कापत नाही. लग्नसराई असते, मग ऊन असते, आणि आमच्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गुहेत शिरण्याची कल्पना कितीही मोहक असली तरी तिच्यासाठी पारोळ्यापर्यंतही कोणी येत नाही, मग पेरण्या, मग पोळा, मग गणपती, मग कापूस वेचणी, आणि मधल्या फटीत कोणाची तरी बायको माहेरून परत यावयाची असते. तारीख ठरवण्यासाठी त्यांनी मोबाइलवर एक गट केला आहे. त्या गटाचे मिनिटबुक मी पाहिले. ‘या शनिवारी?’, ‘नाही रे भो’, ‘पुढच्या?’, ‘बघू’ या चार नोंदींच्या पुनरावृत्तीने ते भरलेले आहे; आणि बैठक रद्द झाली की त्याच रात्री, मनाची समजूत म्हणून, प्रत्येक जण काहीतरी मागवतो. हा क्रम मला उमगला तेव्हा कपाटाचे सारे कोडे उलगडले. त्यातील प्रत्येक वस्तू ही न झालेल्या एकेका डावाची पावती होती.

नाही म्हणावयास गेल्या हिवाळ्यात सर्वजण एकदा जमले. निमित्त खेळाचे नव्हते, भरिताचे होते. खान्देशात थंडी पडली आणि बामणोदची वांगी बाजारात आली की मळ्यात भरीत पार्टी होते, आणि तिला नाही म्हणण्याची प्राज्ञा हिंजवडीतही कोणाला नाही. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली गेली, भरीत झाले, कळण्याची भाकरी झाली, आणि शेकोटीभोवती अंग सैल सोडून पडल्यावर कोणीतरी भाच्याला म्हणाले, “भो, सांग ना आता गोष्ट.” कपाट जळगावला होते, जवळ पुस्तक नाही, नकाशा नाही, मनोरा नाही. भाच्याने एरंडोलचा बकासुर काढला. भुसावळकर भीम झाला. निर्णयासाठी खिशातून एक रुपयाचे नाणे निघाले: छापा आला तर साधले, काटा आला तर फसले. मध्यरात्र उलटून गेली तरी कोणी उठले नाही; शेताच्या रखवालदाराने रेड्याची भूमिका मागून घेतली आणि ती अशी वठवली की भीमाला दोनदा माघार घ्यावी लागली. असा डाव आजवर झाला नाही असे भाचा आजही सांगतो. दुसऱ्याच दिवशी त्या डावाच्या स्मरणार्थ त्याने रेड्यांच्या दोन प्रतिमा मागवल्या. त्या अद्याप रंगवावयाच्या आहेत.

तपासणीचा अहवाल मी भगिनीला तोंडी दिला. एकूण बेरीज तिला सांगितली नाही आणि येथेही देत नाही, कारण हे नियतकालिक तिच्या घरी येते. परंतु जिंदगी जप्त करण्याजोगे काही नाही, मुलगा निर्व्यसनी आहे, आणि शनिवारी घरीच असतो, एवढे मी तिला खात्रीपूर्वक सांगितले. तिने ऐकून घेतले. मग कपाटाजवळ जाऊन तिने एका थैलीतून वीस पैलूंचा पितळी फासा उचलला, हातात घोळवला, आणि यावर एक ते वीस सर्व आकडे आहेत ना, असे खात्री करून घेऊन तो पदराच्या गाठीला बांधला.

तिच्या भिशीत वीस बायका आहेत. आजवर दर महिन्याला वीस चिठ्ठ्या करावयाच्या, त्या डब्यात घालावयाच्या, कोणाच्या तरी नातवाला उचलावयास लावावयाच्या, आणि मग तो नातू कोणाचा आणि चिठ्ठी कोणाची यावरून दोन दिवस अबोला, अशी पद्धत होती. आता प्रत्येकीला एकेक आकडा नेमून दिला आहे आणि फासा पडेल तिची भिशी लागते. जिची आधी लागून गेली तिचा आकडा आला तर पुन्हा टाकतात. कपाटातील एवढी एकच वस्तू दर महिन्याला ठरल्या तारखेला, ठरल्या वेळी, वीसच्या वीस सभासद हजर असताना वापरली जाते. मात्र एकाच बाईचा आकडा लागोपाठ दोन महिने पहिल्याच फेकीला आल्यामुळे पितळी फाशाच्या निःपक्षपातीपणाविषयी कुजबुज सुरू झाली होती. त्यावर गेल्या बैठकीत भाच्याला बोलावून त्याचे मत घेण्यात आले, आणि त्याने सुचवल्याप्रमाणे, मंडळाच्या शिलकीतून एक लाकडी मनोरा, आणि सर्वांना पसंत पडला म्हणून एक गुलाबी चमकीचा संच, मागवण्याचा ठराव बहुमताने मंजूर झाला आहे.